फक्त ‘चाला’

मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे पाय दगा देऊ लागले, तसे मास्तर नव्या औषधाच्या चाचणीत दाखल झाले. चाल तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी म्हणाले, "नातीला कडेवर घेऊन हिंडायचंय हो, बास!"

बाईंनी हातातलं घड्याळ सुरू केलं. "चाला."

पुढे दोन वर्षं दर खेपेला तेवढाच एक शब्द. "बाई कसली, दगड आहे दगड!" मास्तर घरी धुसफुसायचे.

शेवटच्या तपासणीनंतर ते काठी टेकत लिफ्टपाशी पोचले, तोच बाई मागून धावत आल्या.

"तपासणाऱ्यानं पेशंटशी बोलायचं नसतं, मास्तर. जीव गुंतला की मोजमाप बिघडतं. आता संपली चाचणी. सांगा बघू, घेतलंत का नातीला कडेवर?"