फौजदारांची प्रात्यक्षिक परीक्षा

निवृत्त फौजदार दिगंबर वाळिंबे समुपदेशनाच्या ऑनलाइन पदव्युत्तर परीक्षेत एकदा नापास झाले होते. समोरच्याचं दुःख ऐकता ऐकता ते त्याची उलटतपासणीच घेत.

"या वेळी तोंड मिटून बसा," बायकोनं बजावलं.

प्रात्यक्षिकात वर्गमित्र हेरंब दुःखी माणसाचं सोंग घेणार होता. वाळिंबे स्क्रीनकडे रोखून बघत गप्प बसले. थोड्याच वेळात हेरंबला खराखुरा घाम फुटला.

"सांगतो, साहेब! माझा प्रबंध ताईनं लिहिलाय!"

परीक्षक मॅडम दचकल्या. "हेरंब, आपण नंतर बोलू. वाळिंबेसाहेब, तुम्ही पास!"

हेरंब स्क्रीनवरून गायब झाला. वाळिंबे मात्र आनंदानं भान हरपून तसेच बघत राहिले.

मॅडमनी चष्मा पुसला, मग त्या पाणी प्यायल्या.

"असं बघू नका हो," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याचा प्रबंध न वाचताच मी गुण दिलेत."