दुसरा फॉर्म

“लग्नाचा फॉर्म आणलास असं वाटलं मला! सही लागेल म्हणालास, म्हणून हात धुऊन, चष्मा लावून बसले. आणि तू हे आणलंस? मरणाचा कागद?”

“मरणाचा नाही गं, आजारपणाचा. वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात त्याला. उद्या मी बेशुद्ध पडलो तर काय करायचं, काय नाही, आणि माझ्या वतीने कोण बोलणार, ते लिहून ठेवायचं. मी तुझं नाव घातलंय. म्हणून सही.”

“हे माझ्या वयात करतात. सव्वीस वर्षांच्या घोड्याने नाही.”

आईने शिलाई मशीनच्या पायडलवर पाय ठेवला. खडखडखड. घरात दोघंच, आणि भांडण झालं की तिची हीच पद्धत. ऐकायचं नसलं की कुणाची तरी पँट दुमडायला घ्यायची. मग समोरच्याने कितीही घसा फोडावा.

पोरगा उंच इमारती बाहेरून रंगवायचा, दोरावर लटकून. सहा वर्षांत ती एकदाही त्याचं काम बघायला गेली नव्हती. त्याच्या इमारतीखालून जायची वेळ आलीच तर मान खाली घालून जायची, रस्त्यावर पैसे पडल्यासारखी.

तो तिथेच उभा राहिला. कधीतरी बॉबिन संपणारच होती. संपली. मशीन थांबलं, तसा तो घाईघाईने बोलला.

“लंबूचं ऐक आधी.”

लंबू त्याचा दोरावरचा जोडीदार. दोघं एकमेकांची गाठ ओढून बघायचे आणि मगच खाली उतरायचे. त्याला कुठलीच पँट पुरायची नाही. सगळ्या आईनेच उसवून लांब करून दिलेल्या.

“बरा होतोय म्हणालास ना?”

“खोटं बोललो.”

ती नवीन बॉबिन भरत होती. हात थांबला.

“बावीस मजले उतरणारा माणूस, आणि पडला कुठून? घरच्या स्टुलावरून, बल्ब बदलताना. सात महिने झाले. व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर त्याच्या आईला विचारतात, त्याला स्वतःला काय हवं असतं? ती म्हणते, ‘त्याला दुधावरची साय चालत नाही, एवढं माहीत आहे मला. हे कुठून माहीत असणार?’”

आईने अर्धवट भरलेली बॉबिन बाजूला ठेवली.

“परवा मला कोपऱ्यात घेऊन विचारते, ‘तुला कधी काही बोलला होता का रे?’ आता आम्ही वर काय बोलणार? पोरींबद्दल बोलतो, नाहीतर मुकादमाच्या नकला करतो. सगळ्यांना विचारत फिरते ती. कँटीनवाल्यालासुद्धा विचारलं.” त्याचा आवाज चढला. “तू अशी विचारत फिरलेली मला चालणार नाही. कळलं? म्हणून लिहितोय. माझ्यासाठी नाही लिहीत!”

तिने हातातला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, “वाच.”

त्याने वाचलं. “‘मी शुद्धीवर येणार नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितल्यावर पंधरा दिवसांनी व्हेंटिलेटर काढावा.’”

“पंधरा नाही. तीस.”

“आई, हा काय बाजार आहे?”

“तीस. आणि ‘दुखू देऊ नये’ हे कुठंय? ते सगळ्यात वर पाहिजे.”

त्याने खोडलं, लिहिलं.

“आता लिही, रोज कुणीतरी केसांतून हात फिरवावा.”

“असलं काही लिहीत नसतात गं त्यात!”

“तुझे वकील नसतील लिहीत. तू लिही.”

त्याने तेही लिहिलं, समासात, बारीक अक्षरात. तिने कागद उजेडात धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. उलट बाजूही बघितली. मग सही केली. हूक लावताना टाके घालते तशी, सावकाश, एकेक अक्षर ओढून.

त्याने कागदावर फुंकर मारली आणि सुटल्यासारखा हसला. “झालं! साक्षीदार दोन लागतात, ते उद्या बघतो. एवढंसं तर होतं. उगाच मशीन बडवत बसलीस. माणसाने या गोष्टींना घाबरायचं नसतं, आई. नुसता कागद आहे.”

“आणखी आहे का कोरा?”

“आहे ना. एखादा खराब होईल म्हणून दोन आणले होते.”

“बस मग. माझा लिही.”

तो बसला. तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. भराभर. ती समोर बसून सांगायला लागली, गिऱ्हाइकाचं माप सांगावं तशी.

“दोन डॉक्टरांनी सांगितलं, की ही बाई आता डोळे उघडणार नाही... लिहिलंस?... तर माझ्या वतीने माझा मुलगा बोलेल. तो म्हणेल तेव्हा व्हेंटिलेटर काढावा.”

पेन हललं नाही.

“लिही की. तो म्हणेल तेव्हा.”

त्याने पेनाला टोपण लावलं. काढलं. परत लावलं. मग खुर्ची मागे सरकवून उठला आणि दाराकडे गेला.

“मी निघतो.”

“कुठे? आज सुट्टी आहे ना तुला?”

“आहे,” तो तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला. “पण मला आत्ता निघायलाच हवं.”