कलावती दोन ठिकाणी

"कैदी गोपीनाथ, मूळ गाव कल्याण, जन्मठेप. अठराशे ब्याण्णवच्या जानेवारीत त्याची पत्नी कलावती बोटीने पोर्ट ब्लेअरला पोचली. पुढे दोन मुलगे, एक मुलगी." हेमांगी वाचता वाचता थांबली.

"कोण पोचली म्हणालीस?" पलंगावर टेकून बसलेल्या शांताआत्याने विचारलं.

"कलावती."

"काहीतरीच! अगं, माझी पणजी कल्याण सोडून कुठे गेली नाही. मी नऊ वर्षांची होते, माझ्यासमोर गेली ती. कपाळाला कुंकू होतं."

हेमांगीने कागद पुन्हा चाळले. वर्षभर पत्रं लिहून लिहून तिने पोर्ट ब्लेअरच्या जुन्या दप्तरातली ही चार पानं मिळवली होती. तिला फक्त खापरपणजोबा गोपीनाथच्या मृत्यूची तारीख हवी होती. बाकीची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. बांधावरच्या भांडणात गोपीनाथच्या हातून माणूस मेला, ठाण्याच्या तुरुंगातून त्याला काळ्या पाण्यावर नेलं, आणि कलावतीने इथे पोर वाढवत जन्मभर त्याची वाट पाहिली.

"तिकडे दुसरी केली असेल," आत्या म्हणाली.

"नाही गं. हिला इथूनच पाठवलीय सरकारने. नीट वागणाऱ्या कैद्याला बायको बोलावून घेता यायची. वडिलांचं नाव, गाव, सगळं तुझ्या पणजीचंच आहे. हा बघ, अंगठासुद्धा आहे."

आत्याने कागद हातात घेतला नाही. कल्याणजवळच्या कोपर गावातल्या त्या छोट्या खोलीत पंख्याखाली पानं फडफडत राहिली.

"माझे आजोबा पाच वर्षांचे होते तेव्हा अंबू गेली," ती हळूच म्हणाली.

"कोण अंबू?"

"पणजीची धाकटी बहीण. नवव्या वर्षी विधवा झालेली. बहिणीकडेच असायची, आजोबांना तिनेच खेळवलं. एका सकाळी खाडीवर गेली ती आलीच नाही. काठावर तिचं विधवेचं लाल आलवण सापडलं. घडी करून ठेवलेलं."

हेमांगीने आत्याच्या आजोबांचं जन्मसाल आठवलं. अठराशे शहाऐंशी. मनातल्या मनात पाच मिळवले, तर एक्क्याण्णव; बोट पोचली त्याच्या आदलंच वर्ष.

"म्हणजे बहिणीचं नाव लावून गेली? चोरून? की पणजीनेच पाठवली तिला?"

"मला काय विचारतेस?" आत्या चिडली. मग तिला काहीतरी आठवलं. "सर्वपित्रीला घरातल्या गेलेल्या सगळ्यांची पानं मांडायचे. एकदा मी म्हटलं, अंबूचं राहिलं. तर पणजीने माझं मनगट घट्ट धरलं. म्हणाली, जिवंत माणसाचं पान वाढतात का गं? सगळ्यांना वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय."

हेमांगीने शेवटचं पान उलटलं. गोपीनाथची तारीख तिथे नव्हतीच. एकच ओळ होती.

"एकोणीसशे एकवीसमध्ये कलावती वारली, असं लिहिलंय."

आत्याने बोटांवर वर्षं मोजली. पुन्हा मोजली.

"तेव्हा आमची कलावती इथे चांगली जेवत-खात होती," ती म्हणाली. "मग तिकडे पोरांनी कलावतीच्या नावाने पान वाढलं ते कुणाचं गं?"