खडीवरची हवा

या बाबांनो, जवळ सरकून बसा. चाकणच्या खडीवरल्या सायकल शर्यतीची गोष्ट सांगतो.

जुना शर्यतपटू इब्राहिम त्या साली मदतनीस म्हणून शर्यतीबरोबर सायकल चालवत होता. निघताना तो शर्यतीत उतरलेल्या जयसिंगला म्हणाला, “खडी हाय, हवा कमी कर.” दोघांत शेताच्या बांधाचा कोर्टात दावा चालू. “मला हरवाया बघतोस व्हय रं?” म्हणत जयसिंगनं उलट टायर दगडासारखं कडक केलं.

चढावर त्याचं पुढचं टायर फाटलं. इब्राहिमनं आपलं पुढचं चाक काढून त्याच्यापुढं आपटलं. “घे! दावा मी सोडणार न्हाई. आन् ह्यात आणखी हवा भरलीस तर हात मोडीन.”

जयसिंग तिसरा आला. चाक परत द्यायला मात्र कधीच आला नाही. बाबांनो, सायकल खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या शेवटी चालत आलेला इब्राहिम तेवढा ध्यानात ठेवा.