पहिली फेरी

“आजही बांबू उशिराच मिटले,” तालमीत बेर्तो पुटपुटला. बोलला बांदुरियाच्या तारा छेडणाऱ्या मावशीच्या कानात, पण चॅपेलचं अंगण एवढंसं, ऐकलं सगळ्यांनीच. ज्यांच्याबद्दल होतं ते गावाचे आजोबा, लोलो अन्सेल्मो, तेवढे बांबूंवर फडकं फिरवत बसले होते, रेड्याची पाठ पुसावी तसं.

बेर्तोचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं. दोन लांब बांबूंच्या एका टोकाला तो बसायचा, दुसऱ्या टोकाला लोलो. बांबू आधी खाली आपटायचे, मग एकमेकांवर मिटवायचे, आणि मिटायच्या आत नाचणारीनं पाय काढून घ्यायचा. भाताच्या शेतातला टिकलिंग पक्षी सापळ्यातून निसटतो, तसा. पण बेर्तो मिटवायला गेला की पलीकडून ओढ लागायची. क्षणभरच. तेवढ्यात बांदुरिया पुढे निघून जायची.

आणि हे फक्त पहिल्या फेरीत. ती फेरी लोला पुरिंगची, म्हणजे पुरिंग आजीची, लोलोंच्या बायकोची. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हापासून फिएस्ताचा, गावच्या जत्रेचा, नाच तिच्या पावलांनीच सुरू व्हायचा. तिच्यामागून पोरी नाचायला लागल्या की लोलोंचे हात बिनचूक चालायचे. जुनी जीप आहे, तापायला वेळ लागतो, म्हणून बेर्तोनं आजवर हसण्यावारी नेलं होतं. खुद्द पुरिंगही घरी टोमणे मारायची, की हल्ली तुम्हाला ठेका धरवत नाही. लोलो मान डोलवायचे.

यंदा मात्र शेजारच्या गावचा चमू बघायला येणार होता. त्यांच्यापुढे हसं नको, यावर सगळ्यांचं एकमत होतं. लोलोंना सांगायचं कुणी, यावर नव्हतं. अर्ध्या अंगणाला त्यांनीच बांबूतून पाय काढायला शिकवलेलं. कुणाचा घोटा सुजला तर खोबरेल तेल घेऊन घरी जाणारेही तेच.

शेवटी नाच बसवणारी मारिसेल उठली. पानात बांधलेला चिकट भात लोलोंपुढे केला. तब्येत विचारली, झोप लागते का विचारलं, नातवाच्या बोटीचं विचारलं. मुद्द्यावर काही येईना. मग लोलोंनीच तिची सुटका केली. हात जड झालेत, म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणाला बसव. फडकं खांद्यावर टाकलं आणि भिंतीच्या सावलीत जाऊन बसले.

मारिसेलनं मनातल्या मनात मेरीमातेचे आभार मानले. लोलोंच्या जागी दिन्दो बसला, धक्क्यावर मासळीच्या पेट्या उचलणारा. बांदुरिया सुरू झाली. बांबू असे चोख वाजायला लागले की बेर्तोचा चेहरा उजळला.

लोला पुरिंगनं घागरा चिमटीत धरला आणि नेहमीच्या ऐटीत आत पाय टाकला. तो निघाला. दुसरा निघाला नाही.

बांबू तिच्या घोट्यावर मिटले.

बांदुरिया थांबली. दिन्दो पांढराफटक पडला, माफी मागत सुटला. बेर्तो त्याच्यावर खेकसला, डोळे कुठे होते तुझे. दुखापत फारशी नव्हती. पुरिंगनं घोटा चोळला आणि म्हणाली, “पुन्हा वाजवा.”

पुन्हा वाजवलं. या वेळी दिन्दो जपून होता, तरी बांबूंनी तिचा पाय गाठलाच. भिंतीजवळ लोलोंचे दोन्ही हात मांडीवरून नकळत उचलले गेले होते, मुठी वळलेल्या, काहीतरी मागे ओढून धरावं तशा.

पुरिंगला ते दिसलं. ती त्या हातांकडे बघत राहिली. लोलोंनी घाईघाईनं मुठी सोडल्या आणि आभाळाकडे बघायला लागले.

बेर्तो अजून दिन्दोला झापतच होता. पुरिंगनं घागरा सोडला, लंगडत भिंतीपाशी गेली आणि नवऱ्याला अगदी खेटून बसली. त्यांच्या खांद्यावरचं फडकं काढून तिनं डोळे पुसले.

“त्या पोराला बोलू नका रे,” ती म्हणाली. “ठेका बरोबर आहे त्याचा. म्हातारी मी झालेय. ह्यांनी तेवढं मला कळू दिलं नव्हतं.”