अप्पांचं लिव्हर

“डोळे हळदीनं धुतलेत काय हो?” रघुपतीची पापणी खाली ओढत डॉक्टर चंद्रमौळींनी विचारलं.

रघुपती हसला. पोटाचा नगारा झालेला, पायांचे खांब; तरी हसला. “डॉक्टर, आमचं लिव्हर वडिलोपार्जित. कुंभकोणमच्या पितळेचं!”

“पितळेत ताकसुद्धा कळकतं,” पलंगाशी उभी असलेली त्याची बायको वेदवती म्हणाली. “यांनी तर अठरा वर्षं ब्रँडी ठेवली.”

“तू गप की गे! अप्पांना बघ. पंचाहत्तरी उलटली, अजून रोज कावेरीत बुडी मारून येतात.”

ते मात्र खरं होतं. अप्पा, म्हणजे रघुपतीचे वडील लक्ष्मीनारायणराव, दारूबंदीच्या काळातले परमिटवाले. तेव्हा दारू प्यायची तर ‘हा माणूस दारूवाचून जगणार नाही’ असं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागे, आणि कुंभकोणमच्या अख्ख्या मेलकावेरी पेठेत तो मान एकट्या अप्पांकडे. संध्याकाळी संध्या उरकून ते अलमारीचं कुलूप काढत, बाटलीवरच्या मुंग्या झटकत, पेलाभर पीत आणि धोतराचा सोगा धरून, लोकांच्या दारच्या रांगोळ्या तुडवत गल्लीभर झुलत. शेजारणी पोरांना आत ओढत. रघुपतीची मात्र छाती फुगे. त्या बाटलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. म्हणून कॉलेजात गेल्यावर त्यानं स्वतःची आणली.

“बाटली एकच,” डॉक्टर म्हणाले, “पण एकाचं लिव्हर कुजतं, दुसऱ्याचं धडधाकट राहतं. काहीतरी रक्तातून उतरतं. आम्ही तेच शोधतोय. वय काय तुमचं?”

“अडतीस. मग अप्पांचं माझ्यात उतरलंय ना?”

“उतरलं असेल आणि दारू आजच्या आज सोडलीत, तर अजूनही वर याल. नसेल तर…” डॉक्टरांनी वेदवतीकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं. “अप्पांचं रक्त मिळेल?”

रघुपतीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. “अप्पा!” त्यानं हाक मारली. आवाज फाटला.

अप्पा ओसरीवरून ताठ पावलांनी आले. सुई पाहून दारातच थबकले. “नको की. म्हाताऱ्याचं रक्त कशास?”

“इथं माझा जीव टांगलाय आणि तुम्हांस सुईची भीती!”

“मामंजी, द्या की हो,” वेदवती रडकुंडीला आली.

“थेंबभर पुरे,” डॉक्टर म्हणाले. “आणि रोज किती घेत होतात, तेवढं सांगा.”

अप्पांनी दार लोटलं. कडी घातली. “डॉक्टर, खोटं परमिट काढलं म्हणून आता धरतात काय?”

“अहो, हे एकोणनव्वद साल आहे. ते परमिट केव्हाच मेलं!”

अप्पा मुलाच्या पायथ्याशी टेकले. “आमचे कचेरीतले साहेब मोठे सोवळे. दारू लागे त्यांस, पण स्वतःच्या नावावर परमिट नको. मग माझ्या नावानं काढलं. भरली बाटली त्यांकडे जाई, रिकामी माझ्या अलमारीत येई. तीत मी गुळाचं पाणी भरी. पाहणीस कोणी आलं तर मी पिणारा दिसायला नको? म्हणून झुलत असे. पुढं गल्लीस सवय झाली. मजही सुटेना.”

वेदवतीनं तोंडावर पदर धरला. हसावं की रडावं, तिलाच कळेना.

रघुपतीनं सुकलेले ओठ ओले केले. “म्हणजे तुमचं लिव्हर दारूपुढं कसं, हे कुणालाच ठाऊक नाही. पितळेचंही असेल! डॉक्टर, असेल ना?”

अप्पांनी मुलाच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला.

“रघु, माझा बाप प्यायचा. आजाही प्यायचा. आपल्या घराण्यात चाळिशी पाहिलेला मीच पहिला.”