ट्रॉलीची पेटी

ट्रॉलीला बसवायची लोखंडी पेटी निवडायला सयाजी आणि त्याची आई अंबूबाई शिवाजी पेठेतल्या दुकानात आली होती. पाने, जॅक, साखळी मावेल अशी पेटी पसंत पडली आणि अंबूबाईनं मागं बघितलं, तर नात कमळी दिसेना. मघापर्यंत ती तिथंच गिऱ्हाइकांच्या पोरांत लपाछपी खेळत होती. त्या पेट्यांचं झाकण पडलं की बाहेरून कडी आपोआप बसायची. अंबूबाईनं एकेक पेटी उघडून बघितली. सगळ्या रिकाम्या होत्या.

एक पेटी मात्र नुकतीच शिरोळच्या एका गिऱ्हाइकाच्या ट्रॉलीतून गेली होती.

सयाजीनं आईला ट्रॅक्टरवर घेतलं आणि गावाबाहेर त्या ट्रॉलीला गाठलं.

"पावणं, पेटी उघडा. माझी नात हाय आत."

तेवढ्यात दुकानदार स्कूटरवरून मागोमाग आला. "आजी, पोर सापडली की. आमच्या घरात झोपलीया."

"झालं न्हवं? सोडा वाट आता," शिरोळचा माणूस म्हणाला.

अंबूबाई ट्रॉलीपुढून हलली नाही. "तरी उघडाच. त्याबिगार माझा जीव थाऱ्यावर यायचा न्हाय."

वैतागून त्यानं कडी काढली.



आत घामानं भिजलेली, धापा टाकणारी त्याचीच लेक होती. ती मागं ट्रॉलीत आईजवळ बसलीय असं त्याला वाटत होतं आणि आईला वाटत होतं, पुढं बापाजवळ.